त्योचिऊ भाषा

चीनच्या क्वांगतुंग प्रांताच्या पूर्व भागात, हान नदीच्या मुखाकडील छाओचौ, स्वाताव (शांथौ) व च्येयांग या शहरांच्या परिसरात बोलली जाणारी चिनी कुलातील एक भाषा. दक्षिण मिन शाखेत तिचा समावेश होतो. स्थलांतरितांबरोबर ती थायलंड, सिंगापूर, मलेशिया, कंबोडिया इ. देशांत पोहोचली. थायलंडमधील चिनी वंशीयांत या प्रदेशातून आलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे.

छाओचौ शहरावरून पडलेले हे नाव दोन चिन्हांनी लिहितात. चिन्हे उच्चार बांधून देत नसल्याने प्रमाण चिनीत ते छाओचौ, कँटनीत छिउचाउ, तर स्वदेशी त्योचिऊ वा (छाओचौ शहरात) त्येचिऊ असे वाचले जाते. रोमन लिपीतील वर्णभेदांचे मूळ यात आहे. विल्यम डीन या मिशनऱ्याने १८४१ मध्ये बँकॉक येथे काढलेल्या पाठ्यपुस्तकात ‘त्ये’ हे रूप आढळते. १८६० मध्ये स्वाताव बंदर परकीय व्यापारास खुले झाल्यावर भाषेलाही ‘स्वाताव’ म्हणू लागले. अडेल फील्ड यांच्या १८८३ च्या कोशाचे नाव तसेच आहे.

यांपैकी आद्य ‘त’ हा केवळ स्थानिक लकबीचा भाग नव्हे. इतर चिनी शाखांत ज्या प्राचीन स्पर्शवर्णाचा ‘च’ वा ‘छ’ झाला, तो मिन भाषांनी ‘त’ असा राखला. चहाच्या नावातही हाच भेद दिसतो : मराठी ‘चहा’ हा ‘छा’ या रूपावरून, तर इंग्रजी ‘टी’ मिन भाषांतील ‘ते’वरून आला. त्यामुळे ‘छाओचौ भाषा’ असे लिहिल्यास भाषेचे एक प्रमुख लक्षण तिच्या नावातूनच पुसले जाते.

क्वांगतुंगच्या शिक्षण विभागाने १९६० मध्ये या भाषेसाठी रोमन लेखनपद्धती प्रसिद्ध केली. तीत ‘त’साठी ‘डी’ हे अक्षर योजले आहे. ‘प’साठी ‘बी’, ‘फ’साठी ‘पी’ आणि ‘ब’साठी मात्र ‘बी’ व ‘एच’ अशी जोडी. भारतीय वाचक ती जोडी ‘भ’ अशी वाचण्याचा संभव आहे. वस्तुतः प, फ, ब हा त्रिविध भेद देवनागरीत मुळातच असल्याने हे वर्ण तीत अधिक सरळ उतरतात. आठ सूर मात्र तीत दाखविता येत नाहीत. त्यांसाठी वरील पद्धतीप्रमाणे अंकच जोडावे लागतात.

सिंगापूरमध्ये १९७९ पासून प्रमाण चिनीच्या प्रसाराची मोहीम सुरू झाली आणि घराघरांतून त्योचिऊचा वापर घटला. तथापि प्रमाण चिनीत ‘छन’ असे उच्चारले जाणारे आडनाव तेथील मिन वंशीय कुटुंबे अद्यापि ‘तान’ असेच लिहितात. त्यातील ‘त’ही वर सांगितलेलाच होय.