दारात ‘जीप’ आणताना भाताचा हिशेब

पेणच्या खारेपाटात जा, नाहीतर रोह्याच्या कोलाड-धाटाव पट्ट्यात जा, हल्ली प्रत्येक गावात चार-दोन अंगणांत तरी उंच बांध्याची मोठी गाडी उभी दिसते. शहरात तिला एसयूव्ही म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसे अजून तिला ‘जीप’च म्हणतात, आणि त्याला कारण आहे. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे अनेक वर्षे गावात येणारी मोठी गाडी म्हणजे सरकारी जीप, एवढेच समीकरण होते. १९९४ साली टाटांची सुमो आली (ती २०१९ साली बंद झाली). नाशिकच्या कारखान्यातून २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली, तेव्हापासून जीप साहेबाच्या दारातून शेतकऱ्याच्या दारात आली.

मी शेतीखात्याचा माणूस. गाड्यांवर लिहिण्याचा माझा अधिकार तो काय? पण अलीकडे भाताच्या करप्यावर किंवा वालाच्या बियाण्यावर गावात सभा झाली, की चहाच्या वेळी हमखास प्रश्न येतो, “भाऊसाहेब, गाडी कोणती घ्यावी?” खताच्या मात्रेपेक्षा या प्रश्नाला गर्दी जास्त. म्हणून गेल्या वर्षभरात दोन्ही तालुक्यांतल्या गाडी असलेल्या घरांत बसून मी मुद्दाम चौकशी केली. कोणती घ्यावी यापेक्षा कशाच्या जोरावर घ्यावी, हे त्यातून मला अधिक कळले.

गाडीची गरजच नाही, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. एसटी आहे, दिवा-रोहा गाडी आहे, नाक्यावर मिनिडोर आहे. पण रात्री नऊनंतर आतल्या वाडीतून निघायचे तर काय? रोहा तालुक्यात चार भावांचे एक एकत्र कुटुंब आहे. त्यांच्या घरी कापणीच्या दिवसांत धाकट्या सुनेला खाचरात साप चावला. पाण्याने रस्ता खचला होता. अंगणात गाडी होती म्हणून मांत्रिक वगैरे भानगडीत न पडता तिला थेट उपजिल्हा रुग्णालयात नेले, वेळेत लस टोचली गेली. बाई आज मळणीला उभी राहते. (अशा वेळी १०८ क्रमांकावर फोनही करावाच, रुग्णवाहिका वाटेत भेटली तर उपचार लवकर सुरू होतात.) त्या घरात गाडीची किंमत विचारली, तर थोरली जाऊ म्हणाली, “साहेब, त्या रात्रीच फिटली ती.” यावर मी काय बोलणार!

पण याच घराची दुसरी बाजू ऐका. चारांपैकी दोन भाऊ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. महिन्याच्या महिन्याला पगार येतो आणि हप्ता त्यातून जातो. भाताच्या पैशाला गाडीसाठी हात लावायचा नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवले. किल्लीच्या खुंटीला एक वही दोरीने बांधून ठेवली आहे. कोण गेला, कुठे गेला, किती किलोमीटर झाले, डिझेल कोणी भरले, सगळे त्यात लिहायचे. वही धाकटी जाऊ बघते, आणि तिच्या नजरेतून पाच रुपयेही सुटत नाहीत. एकत्र घरात गाडीवरून जी भांडणे होतात, ती बहुतेक डिझेलवरून होतात. या घरात ती झाली नाहीत.

आता हिशेबाकडे येऊ. तो मी रुपयांत न मांडता भातात मांडतो, कारण आपल्याला तोच लवकर समजतो.

समजा, सात माणसांची, नऊ लाखांच्या आसपासची डिझेल गाडी घेतली. राज्याचा एकरकमी मोटार कर दहा लाखांच्या आतल्या डिझेल गाडीला १३ टक्के, शिवाय विमा. म्हणजे रस्त्यावर येईपर्यंत ती साडेदहा लाखांच्या घरात जाते. अडीच लाख रोख भरले आणि आठ लाख कर्ज काढले. व्याज ९ टक्के, मुदत सात वर्षे. महिन्याचा हप्ता १२,८७० रुपयांच्या आसपास बसतो. सात वर्षांत आठ लाखांचे पावणेअकरा लाखांहून थोडे जास्तच फेडावे लागतात. मुदत पाच वर्षे केली तर हप्ता १६,६०० होतो, पण व्याजाचे ८० हजारांहून अधिक रुपये वाचतात. विक्रेता सात वर्षेच सुचवतो, कारण हप्ता लहान दिसतो.

साध्या भाताचा २०२५-२६ सालचा आधारभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे एका महिन्याचा हप्ता म्हणजे जवळजवळ साडेपाच क्विंटल भात आणि वर्षाचे हप्ते म्हणजे ६५ क्विंटल. वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरलात, लिटरला १४ किलोमीटर पडले आणि डिझेल ९० रुपये धरले, तर ७७ हजार रुपये टाकीत गेले. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांचे मिळून ३५ हजार धरा. सारी बेरीज दोन लाख ६६ हजारांवर जाते. तिचे भात होते ११२ क्विंटल. एकरी १६ क्विंटल पिकले, तर सात एकरांचे सगळेच्या सगळे पीक! त्यात नांगरणी नाही, लावणीची मजुरी नाही, खत नाही, घरी खायला पोते नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत सात एकर भात एका नावावर असलेले किती जण आहेत, ते वाचकांनीच मोजावे. इथे जमीन गुंठ्यात सांगतात.

तेव्हा नुसत्या खरीप भातावर ही गाडी उभी राहत नाही. ती पगारावर उभी राहते, दुधाच्या बिलावर, दुकानावर उभी राहते. थोडक्यात, महिन्याला येणाऱ्या पैशावर. आपले उत्पन्न दिवाळीत येते आणि हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. पेणच्या गणपती कारखानदारांचेही तेच. पैसा भाद्रपदाच्या तोंडावर येतो आणि पुढे कित्येक महिने हात आखडलेला. अशांनी बँकेत सहामाही हप्त्याची सोय मिळते का, हे आधी विचारावे. आणि एक गोष्ट कृपा करून करू नये. गाडीचा हप्ता चुकू नये म्हणून पीककर्ज थकवायचे, हा उलटा व्यवहार मी पाहिला आहे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर आपल्याला शून्य टक्क्याने पडते. ते थकवून ९ टक्क्यांचे कर्ज सांभाळणे म्हणजे आंब्याचे कलम तोडून त्याचे कुंपण करणे.

सर्वात जास्त काळजी मला वाटते ती जमिनीच्या मोबदल्यातून आलेल्या गाड्यांची. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड ही सगळी गावे त्याच टप्प्यावर. रस्ते, कारखाने, इतर प्रकल्प यांत जमिनी गेल्या आणि कधी न पाहिलेली रक्कम घरात आली. पेण तालुक्यातल्या एका गृहस्थाने अशा पैशातून वीस लाखांची गाडी रोखीने घेतली. हप्ता नाही, म्हणून सगळे त्याला शहाणा म्हणाले. पाचव्या वर्षी मुलीच्या शिक्षणासाठी विकायला काढली, तेव्हा निम्म्याच्या आसपास मागणी आली. यात कोणी त्याला फसवले नव्हते. विम्यासाठी गाडीची किंमत धरण्याचे जे कोष्टक आहे, त्यातच पहिले वर्ष भरताना १५ टक्के आणि पाचवे वर्ष भरताना ५० टक्के किंमत वजा होते. खाचर पाच वर्षांनी निम्मे होत नाही. ज्याने अशा मोबदल्यातून आधी दुसरीकडे जमीन घेतली, निदान रक्कम ठेवीत टाकली आणि तिच्या व्याजात जमेल तेवढीच गाडी घेतली, त्याच्या घरी मी गेलो की मला चहा गोड लागतो.

सरकारी करातही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि दीड हजार सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला जीएसटी १८ टक्के आहे. त्याहून लांब किंवा मोठ्या इंजिनच्या गाडीला ४० टक्के. बोलेरो पहिल्या गटात बसते, स्कॉर्पिओ-एन दुसऱ्या. ट्रॅक्टरवरचा कर त्याच दिवशी १२ वरून ५ वर आला, हेही ध्यानात असू द्या.

‘जाड पत्रा म्हणजे मजबूत गाडी’ हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत २०२४ साली बोलेरो निओला पाचपैकी एकच तारा मिळाला आणि २०२२ साली स्कॉर्पिओ-एनला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच मिळाले. तेव्हा पत्र्यावर टिचकी मारून पाहण्यापेक्षा चाचणीचा निकाल विचारा. मागच्या आडव्या बाकांवर पोरे कोंबून जत्रेला जाणे तर बंदच करावे. शिवाय गाडी पाहायला जाताना घरातल्या आजीला बरोबर न्या. उंच गाडीत तिला चढता येत नाही, हे गाडी दारात आल्यावर कळून उपयोग नाही. एका घरी आजीसाठी लाकडी पाट कायमचा डिकीत ठेवावा लागला आहे.

गाडी आपल्या हवेत जगवायची तर काही गोष्टी शहरातला मेकॅनिक सांगत नाही. खाडीकाठचा वारा खारा, चिखलही खारा. उधाणाच्या पाण्यातून गाडी गेली तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावी. वरून चकचकीत आणि खालून गंजलेल्या गाड्या मी खारेपाटात बऱ्याच पाहिल्या. पावसाळ्यापूर्वी तळाला गंजरोधक लेप द्यावा.

दुसरा शत्रू आपल्या ओळखीचा आहे. कापणी झाली की खाचरातला उंदीर घराकडे वळतो आणि पेंढ्याच्या उडवीत बिऱ्हाड करतो. गाडी उडवीशेजारी उभी केली, तर रात्री तो गरम इंजिनाच्या उबेला जातो आणि वायरी कुरतडतो. रोह्याकडे एकाचा त्यापायी चौदा हजारांचा खर्च झाला. कार्तिक-मार्गशीर्षात गाडी उडवीपासून लांब, उघड्यावर लावावी आणि दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडून पाहावे. कोंबड्यांचा प्रश्न वेगळा, त्या फक्त टपावर बसतात.

डिझेल गाडीविषयी आणखी एक. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. रोज घर ते बाजार, बाजार ते घर अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या झाल्या, की ती जाळी तुंबते आणि समोर दिवा लागतो. दिवा लागला की महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एका वेगाने चालवावी, म्हणजे काजळी आपोआप जळते. दुर्लक्ष केले तर खर्च मोठा. ज्याची गाडी गावातल्या गावातच फिरणार, त्याने पेट्रोलचा विचार करावा.

पुराचे तर आपल्याला सांगायला नको. २४ जुलै १९८९ ला अंबा नदीने जांभूळपाड्यात काय केले आणि २६ जुलै २००५ ला जिल्ह्यात काय झाले, ते विसरलेले नाही. पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून सुरू करू नका. इंजिनात पाणी ओढले गेले की आतले दांडे वाकतात आणि साध्या विम्यात ते नुकसान सहसा मिळत नाही. विमा घेताना इंजिन संरक्षणाची जोड मागून घ्यावी.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने वऱ्हाडाला देण्याचा मोहही आवरावा. हप्त्याला हातभार लागतो खरा, पण खासगी गाडी भाड्यावर असताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. मग जखमींची भरपाई जमिनीवर येते. भाडे करायचेच असेल तर पेणच्या आरटीओ कार्यालयातून परवाना आणि पिवळी पाटी घ्यावी.

खारेपाटातल्या एका तरुणाने हा सगळा हिशेब माझ्यासमोर पाटीवर मांडला आणि नव्या गाडीची नोंदणी रद्द केली. मग सहा वर्षे चाललेली गाडी चार लाखांना घेतली. घेताना सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले (पुरातल्या गाडीच्या पट्ट्यावर गढूळ डाग राहतो), गालिच्याखाली हात घातला, जुने कर्ज पुस्तकावरून उतरल्याची खात्री केली आणि फॉर्म २९ व ३० भरून नाव लगेच बदलून घेतले. उरलेल्या पैशात त्याने फुटलेला बांध घातला आणि घरामागचे तळे खोल करून त्यात जिताड्याचे पिल्लू सोडले. मासे धरले की तो त्याच गाडीतून बाजाराला नेतो. गाडीतला वास जात नाही, अशी त्याच्या आईची तक्रार आहे. आधी त्याने ताडपत्री अंथरून पाहिली, आता घट्ट झाकणाची पेटी करून घेतली आहे.