अर्ध्या नॅनोमीटरची पायरी

गेल्या दिवाळीत पुतणीचा फोन घेऊन मी फुलंब्रीतल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. फोन जिन्यावरून पडला होता. काच फक्त कोपऱ्यात तडकली होती, पण तिथून जांभळट काळा डाग उठला होता. "काका, काल हा शेंगदाण्याएवढा होता," पुतणी म्हणाली. आता तो अंगठ्याएवढा झाला होता. दुकानातल्या पोराने फोन दिव्याखाली तिरका धरला, डागाच्या कडेने नख फिरवलं आणि म्हणाला, "सर, अ‍ॅमोलेड आहे. ह्याच्यात हवा शिरली की डाग पसरतच जातो. फोल्डर बदलावाच लागंल."

फोल्डर म्हणजे टच आणि डिस्प्ले यांचा जोडलेला भाग. त्या पोराने रोजच्या कामातून जे ओळखलं होतं, तेच मी प्रयोगशाळेत अनेक वर्षं पाहत आलो आहे.

आम्ही तिथे ओलेडचे, म्हणजे अ‍ॅमोलेड पडद्यात असतात त्याच जातीचे, नखाएवढे दिवे बनवतो. काचेवर सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर असतात, सगळे मिळून केसाच्या जाडीच्या काही सहस्रांश भागाएवढे. खालच्या पारदर्शक विद्युतअग्रातून धनभार येतो, वरच्या धातूतून इलेक्ट्रॉन येतात. मधल्या थरात दोघांची गाठ पडली की उजेड होतो. अडचण इलेक्ट्रॉनची आहे. अ‍ॅल्युमिनियममधून बाहेर पडायला त्याला सुमारे 4.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. अल्क्यू-थ्री या नेहमीच्या सेंद्रिय पदार्थात त्याची जागा त्याहून एक इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा जास्त उंचावर असते. खोलीच्या उबेतून त्याला मिळणारी ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा जेमतेम चाळिसावा भाग. विहिरीतलं पाणी आपणहून पाटात येत नाही, ते चढवावं लागतं, तशीच ही गोष्ट आहे.

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवा नाही. चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्ही बनत, तेव्हाच्या प्रत्येक पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनला धातूतून बाहेर काढण्याचीच युक्ती होती. निकेलच्या कॅथोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या अग्रावर, बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप द्यायचा आणि तो लालभडक तापवायचा. लेपामुळे बाहेर पडणं सोपं होई, उरलेलं काम उष्णता करी. ओलेडमध्ये तापवायची सोय नाही. सेंद्रिय थर तेवढ्या उष्णतेत जळून जातील. त्यामुळे सगळी भिस्त धातूवर आणि अशा लेपावरच राहते.

1987 साली कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दहा व्होल्टच्या आत लख्ख उजळणारा दिवा करून दाखवला. इलेक्ट्रॉन सहज सोडणारं मॅग्नेशियम त्यांनी कॅथोडसाठी घेतलं आणि त्यात दहास एक या प्रमाणात चांदी मिसळली. मॅग्नेशियम, कॅल्शियम असे धातू इलेक्ट्रॉन सैल हाताने देतात, पण हवा आणि ओल लागली की तितक्याच लवकर खराब होतात. दहा वर्षांनी, 1997 मध्ये, हंग, तांग आणि मेसन यांनी साध्या अ‍ॅल्युमिनियमखाली लिथियम फ्लोराइडचा अतिशय पातळ थर ठेवला. लिथियम फ्लोराइड हा पक्का विद्युतरोधक. तरीही तो इलेक्ट्रॉनला पायरीसारखा उपयोगी पडला; दिवा कमी व्होल्टला लागला आणि जास्त उजळला.

तो थर देणं हे माझ्या कामातलं सगळ्यात नाजूक काम. नायट्रोजनने भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये आतला दाब थोडा जास्त ठेवलेला असतो, म्हणून रबरी हातमोजे बाहेरच्या बाजूला ताठ उभे राहतात. त्यांत हात घालून आत रेटावे लागतात. साबण, पाणी, अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोलने धुतलेली काच चेंबरमध्ये उलटी बसवायची आणि हवा उपसायची. सेंद्रिय थर आधी चढलेले असतात. मग मॉलिब्डेनमच्या लहानशा होडीत मिठासारखी दिसणारी लिथियम फ्लोराइडची चिमूटभर पूड तापू लागते. झरोक्यातून होडी आधी काळसर, मग तांबडी, मग नारिंगी दिसते. शेजारी सेकंदाला साठ लाख वेळा थरथरणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. त्याच्यावर कण बसत गेले की कंपनं मंदावतात, आणि त्यावरून थराची जाडी कळते.

वेग सेकंदाला 0.1 अँगस्ट्रॉमवर स्थिरावला की शटर उघडायचं. आम्हाला पाच अँगस्ट्रॉम, म्हणजे अर्धा नॅनोमीटर हवा असतो. त्याला पन्नास सेकंद लागतात. त्या वेळात कुणी बोलत नाही. आकडा 4.8, 4.9 होतो, बोट बटणावर असतं, आणि शटर बंद. एवढ्या थरात अणूंच्या दोनतीनच रांगा मावतात. त्यावर शंभर नॅनोमीटर अ‍ॅल्युमिनियम चढवायचं.

पहिल्यांदा मी तीन दिवे शेजारी शेजारी लावून पाहिले. थर नसलेला दिवा व्होल्ट बराच वाढवल्यावर फिकट उजळला. अर्ध्या नॅनोमीटरचा त्याच्या कितीतरी आधी हिरवागार लागला. थर तीन नॅनोमीटर केलेला पुन्हा मंदावला, कारण जाड झालेली पायरीच भिंत होऊन बसते. अ‍ॅल्युमिनियम, फ्लोराइड आणि सेंद्रिय रेणू एकत्र आले की लिथियम सुटं होतं आणि सेंद्रिय थराला इलेक्ट्रॉन देतं, असं याचं एक स्पष्टीकरण आहे.

सुधारणा इथूनच पुढे चालू आहे. लिक्यू हे लिथियमचं सेंद्रिय संयुग खूपच कमी तापमानाला उडतं आणि जाडीतली थोडी चूकही सोसतं. जपानमध्ये किडो यांनी 1998 मध्ये सेंद्रिय थरातच लिथियम मिसळून वाट रुंद केली. मात्र इलेक्ट्रॉन नुसते वाढवून भागत नाही. दोन्हीकडचे भार जोडीने आले नाहीत, तर उरलेले उजेड न देता वाया जातात.

पुतणीच्या फोनवरचा डाग अशा थरांच्या दुखण्यातूनच येतो. ओल आत शिरली की ती आधी धातू आणि सेंद्रिय थराच्या सांध्यावर बसते. धातूचं ऑक्साइड होतं, सांधा उचलला जातो. म्हणून ओलेडच्या आवरणातून एका चौरस मीटरमागे दिवसाला ग्रॅमचा दहा लाखावा भाग इतकीच ओल आत यावी, असा दंडक आहे. तडकलेल्या काचेतून श्रावणातलीच काय, दिवाळीतलीही हवा त्याहून कितीतरी पटींनी जास्त ओल आत नेते.

प्रयोगशाळेत अशाच एका काळ्या डागावर मी एकदा अतिनील दिवा धरला होता. डाग हिरवा चमकला. उजेड देणारा पदार्थ शाबूत होता, फक्त इलेक्ट्रॉनची वाट बंद पडली होती.

मी हे त्या पोराला सांगितलं. हातातला पाना खाली ठेवून त्याने विचारलं, "मग ती वाट परत उघडता येत नाही का?"

एकदा सांधा उचलला की नाही येत. पण हवेत टिकेल अशी पायरी बनवता येईल का, याचा शोध चालू आहे. 2012 मध्ये अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवलं की पॉलिइथिलीनइमीनसारख्या साध्या पॉलिमरचा पातळ लेप दिला, तरी धातूतून इलेक्ट्रॉन काढणं बरंच सोपं होतं, आणि हा लेप हवेला टिकतो. हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे हे काम अजून व्हायचंय."

त्याने हीट गन लावून कडा सैल केल्या आणि फोल्डर अलगद उचलला. जुना फोल्डर मी मागून घेतला आणि कागदात गुंडाळून प्रयोगशाळेत नेण्यासाठी पिशवीत ठेवला.