लिथियमच्या काट्यांवर फ्लोराइडचा उतारा

1989 साली कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीला जपानमध्ये मोबाइल फोनसाठी विकलेल्या बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. एका बॅटरीने पेट घेतला होता आणि तिच्या ऋण टोकाला लिथियम धातू होता. सोनीने 1991 मध्ये आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीत धातूऐवजी कार्बन होता. पुढे तीच वाट रूढ झाली.

तरीही संशोधकांनी धातूचा नाद सोडलेला नाही. ग्रॅमभर ग्राफाइटमध्ये 372 मिलिअँपिअर-तास विद्युतभार मावतो. ग्रॅमभर लिथियममध्ये 3,860!

घोडे अडते ते चार्जिंगच्या वेळी. बॅटरीतल्या द्रावणातून परतणारे लिथियमचे आयन धातूच्या पृष्ठभागावर सारखे बसत नाहीत. जिथे जरा उंचवटा, तिथे विद्युतक्षेत्र तीव्र. तिथेच धातू साचतो आणि उंचवटा वाढत जातो. हे काटे म्हणजे डेंड्राइट. दोन टोकांमध्ये साधारण 10 ते 25 मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा असतो. काट्याने तो भेदला की शॉर्टसर्किट ठरलेले.

शिवाय लिथियम अतिशय क्रियाशील. द्रावणाशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर पापुद्रा धरतो. धातू फुगला की पापुद्रा तडकतो, आतले ताजे लिथियम उघडे पडते आणि पुन्हा द्रावण खाते. बॅटरी अशी झिजत जाते.

इथे लिथियमवर लेप म्हणून दिलेले धातूंचे फ्लोराइड कामी येतात. झिंक फ्लोराइडचेच पाहा. लिथियमला भिडताच त्याचे विघटन होते: फ्लोरिन लिथियमकडे जातो, जस्त मोकळे होते. एकाच अभिक्रियेतून दोन राखणदार मिळतात. लिथियम फ्लोराइड इलेक्ट्रॉनांना अडवते, त्यामुळे द्रावणाची नासाडी कमी होते. जस्त लिथियमशी मिश्रधातू बनवते. त्यावर नवे लिथियम सहज आणि सपाट बसते. म्हणूनच नुसत्या लिथियम फ्लोराइडच्या लेपापेक्षा ही जोडी मला अधिक आश्वासक वाटते. लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकातून आयनही मंदच सरकतात. जाड लेप दिला तर वाटच बंद व्हायची. बारीक कण आणि शेजारी मिश्रधातू असला की आयनांना मार्ग मिळतो.

अशा लेपांची कसोटी मात्र कठोर हवी. बटण सेलमध्ये भरपूर लिथियम आणि द्रावण ओतले, की लेपाचे दोष झाकले जातात. लिथियमचा पातळ पत्रा, मोजके द्रावण आणि शेकडो चार्जिंग यांतून जो लेप तरेल, त्याच्याच भरवशावर लिथियम धातूची बॅटरी लोकांच्या हाती द्यावी.