एका वाद्यमेळाचा बदलता सूर

संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळांत मराठी प्रेक्षकांनीं ‘वन्समोअर’ हा इंग्रजी शब्द इतका आपलासा केला कीं, तो परका आहे हेंच लोक विसरून गेले. आवडतें पद संपतें न संपतें तोंच नाटकगृहांतून ती आरोळी उठे आणि नटाला कथानक बाजूस ठेवून तेंच पद पुन्हां आळवावें लागे. कलावंताचा हा गौरवच खरा. परंतु गौरवाचीहि एक बेडी असते. जें एकदां आवडलें तेंच जन्मभर देत राहा, अशी ती आज्ञा असते. ती पाळावी तर कलावंताची वाढ खुंटते. मोडावी तर लोक पाठ फिरवितील ही भीति. इंग्लंडमधील ‘रेडिओहेड’ नांवाच्या वाद्यमेळापुढें हाच पेंच एकदां नव्हे, अनेकदां उभा राहिला. त्यांतून ते पांच वादक कसे पार पडले, हें समजून घेण्यासारखें आहे.

रॉक संगीताचा सांगाडा तसा साधा असतो. एक गाणारा, विजेवर चालणाऱ्या एक-दोन गिटारी, खालच्या सुरांचा आधार देणारी बास गिटार आणि ताल धरणारा ड्रमवादक, एवढा त्याचा संसार. ठेका बहुधा चार मात्रांचा. कडवें आणि ध्रुपद ही रचना ठरलेली. मोठ्या कंपन्यांच्या सांच्यांत न बसणारें असें जें रॉक संगीत १९८० नंतरच्या दशकांत पुढें आलें, त्याला ‘ऑल्टरनेटिव्ह’, म्हणजे पर्यायी, हें विशेषण मिळालें. गंमत अशी कीं, १९९० नंतर हा पर्यायच बाजारांत भरपूर खपूं लागला आणि पाहतां पाहतां त्याचाहि एक सांचा बनला. रेडिओहेडचा उदय नेमका याच काळांतला.

ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नांवाचें गांव आहे. तेथील मुलांच्या शाळेंत १९८५ सालीं हा मेळ जमला. टॉम यॉर्क गाणारा, एड ओब्रायन गिटार वाजविणारा, कॉलिन ग्रीनवुड बास धरणारा आणि फिल सेल्वे ड्रमवर बसणारा. कॉलिनचा धाकटा भाऊ जॉनी हा सर्वांत लहान; तो मागाहून येऊन मिळाला आणि पुढें मेळाचा प्रमुख वादक ठरला. शाळेच्या संगीताच्या खोलींत शुक्रवारीं तालीम होई, म्हणून मेळाचें नांवहि ‘ऑन अ फ्रायडे’ असेंच ठेवलें होतें. थोरलीं मुलें विद्यापीठांत गेलीं, तरी सुट्टींत घरीं आलीं कीं तालीम सुरू होई. १९९१ च्या अखेरीस ई. एम. आय. कंपनीशीं करार झाला. जॉनीनें महाविद्यालय सोडलें. नांव बदलण्याची सूचना कंपनीनें केली, तेव्हां ‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकन मेळाच्या एका गाण्यावरून ‘रेडिओहेड’ हें नांव त्यांनीं घेतलें.

१९९२ सालीं त्यांचें ‘क्रीप’ हें गाणें प्रसिद्ध झालें. स्वतःला कमी लेखणाऱ्या तरुणाची तळमळ हा त्याचा विषय. पहिल्या खेपेस इंग्लंडांत त्याला कोणी फारसें विचारलें नाहीं, बी. बी. सी. च्या ‘रेडिओ वन’लाहि तें फार उदास वाटलें. परंतु इस्रायलमध्यें आणि मागोमाग अमेरिकेंत तें नभोवाणीवरून गाजलें. १९९३ सालीं इंग्लंडांत तें पुन्हां प्रसिद्ध होतांच खपाच्या यादींत सातव्या स्थानीं जाऊन बसलें. या गाण्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. कडवें अगदीं हळुवार चालतें. ध्रुपद येण्यापूर्वीं गिटारीचे कर्कश फटकारे बसतात आणि मग सारा मेळ एकदम गर्जूं लागतो. हे फटकारे जॉनीचे. तो हळुवारपणा त्याला रुचला नव्हता, आणि गाणें बिघडविण्याच्या हेतूनेंच त्यानें ते मारले, असें ओब्रायननें सांगितलें आहे. बिघडविण्यासाठीं केलेली खोडीच गाण्याचा प्राण ठरली!

प्राण ठरली, आणि बेडीहि ठरली. जावें तेथें लोक तेंच गाणें मागूं लागले. हे एका गाण्याचे धनी आहेत, असें वृत्तपत्रांतून बोललें जाऊं लागलें. यावर त्यांनीं १९९४ सालीं ‘माय आयर्न लंग’ हें गाणें काढलें. श्वास घेण्याची शक्ति गेलेल्या रोग्याला पूर्वीं लोखंडी पिंपासारख्या यंत्रांत निजवीत; त्या यंत्राला ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणत. तें यंत्र रोग्याला जगवी, पण जागचें हलूं देत नसे. ‘क्रीप’शीं आपलें नातें असेंच आहे, हें त्यांना सुचवावयाचें होतें. लोकप्रियतेला याहून नेमकी उपमा सांपडणें कठीण.

१९९५ च्या ‘द बेंड्स’ या ध्वनिमुद्रिकेंत पहिली सुटका दिसते. येथें तीन गिटारी एकाच वेळीं गर्जना करीत नाहींत. एक ठेका धरते, दुसरी सूर लांबविते, तिसरी मधूनच नक्षी काढते. यॉर्कचा आवाजहि ओरडण्यापेक्षां उंच, पातळ सुरांत जास्त खुलूं लागला. मग १९९७ सालीं आली ‘ओके कॉम्प्युटर’. नायजेल गॉडरिच या तरुण ध्वनिमुद्रकाला बरोबर घेऊन त्यांनीं बाथ शहराजवळच्या ‘सेंट कॅथरिन्स कोर्ट’ या जुन्या वाड्यांत आपली यंत्रसामग्री नेली. एका गाण्यासाठीं दगडी जिन्याचा नैसर्गिक घुमाराच वापरला. ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’ हें गाणें सहा मिनिटांहून मोठें असून त्याचे भाग एकमेकांपासून अगदीं भिन्न आहेत. एका ठिकाणीं तर कोणी गातच नाहीं. संगणकाचा निर्विकार आवाज सुखी जीवनाची यादी वाचून दाखवितो. वेग, यंत्रें आणि गर्दींतलें एकटेपण हा या ध्वनिमुद्रिकेचा विषय. तिला १९९८ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें, आणि पुढें अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’नें जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदींत तिचा समावेश केला.

एवढें यश पदरीं पडल्यावर दुसरा कोणी त्याच वाटेनें चालत राहिला असता. उंच, आर्त आवाज आणि गिटारींचे थर या पद्धतीनें गाणाऱ्या मंडळ्या इंग्लंडांत एकामागून एक निघत होत्याच. परंतु लांबलचक दौऱ्यानें यॉर्क पार खचला होता. त्या दौऱ्याची शीण आणणारी धांवपळ १९९८ च्या ‘मीटिंग पीपल इज ईझी’ या बोलपटांत टिपलेली आहे. त्याला नवें गाणें सुचेना. सुचलें तर तें आपलेंच अनुकरण वाटे. चाल नको, केवळ लय आणि नाद यांतून कांहीं उभें राहतें काय तें पाहावें, असें त्याच्या मनानें घेतलें.

१९९९ च्या आरंभीं पॅरिसला काम सुरू झालें; पुढें कोपनहेगन, ग्लॉस्टरशायरमधील एक वाडा आणि अखेर ऑक्सफर्डशायरमधील स्वतःचा स्टुडिओ असे मुक्काम झाले. महिने लोटले तरी गाणें पुरें होईना. येथें प्रश्न केवळ रुचीचा नव्हता, मैत्रीचा होता. गिटारच नको म्हटलें, तर लहानपणापासून गिटार वाजविणाऱ्या सोबत्यानें करावें काय? ड्रमचें काम यंत्र करूं लागलें, तर ड्रमवादकानें कोठें बसावें? ओब्रायन त्या दिवसांची रोजनिशी मेळाच्या संकेतस्थळावर लिहीत असे. तींत ही चांचपड उघड दिसते. प्रसिद्ध करण्याच्या योग्यतेची ध्वनिमुद्रिका एकमतानें तयार झाली नाहीं, तर मेळ मोडावयाचा, असेंहि पांचांनीं ठरविलें.

गॉडरिचनें एक युक्ति काढली. त्यानें मेळाचे दोन गट केले. एका गटानें गिटार-ड्रम यांना न शिवतां कांहीं नाद निर्माण करावयाचे आणि दुसऱ्या गटानें त्यांवर संस्कार करावयाचे. त्यांतून पुरें गाणें एकहि निघालें नाहीं. पण ओब्रायनचें मन मात्र नव्या साधनांकडे वळलें. प्रत्येक गाण्यांत प्रत्येकानें वाजविलेंच पाहिजे असें नाहीं, हें पांचांनीं मान्य केलें. वरवर पाहतां ही लहानशी कबुली वाटते. पण ज्यानें आयुष्यांत एकच वाद्य हातीं धरलें, त्याला तें खालीं ठेवून मेळांत राहणें किती जड जातें, हें कोणताहि वादक सांगेल. मेळ टिकला तो या कबुलीवर.

अशा रीतीनें तयार झालेली ‘किड ए’ ऑक्टोबर २००० मध्यें बाहेर पडली. पहिल्याच गाण्यांत गिटार नाहीं. विजेच्या कळफलकावर दहा मात्रांचें आवर्तन फिरत राहतें (झपतालाचे खंड मात्र त्यांत शोधूं नयेत) आणि यॉर्कच्या आवाजाचे तुकडे करून ते वाद्यासारखे वापरले आहेत. ‘इडिओटेक’ या गाण्याची कथा आणखी मौजेची आहे. जॉनीनें सुमारें पन्नास मिनिटांचें स्वैर वादन मुद्रित करून यॉर्कला दिलें. त्यांतील थोडक्या सेकंदांचा तुकडा यॉर्कनें उचलला आणि त्यावर सारें गाणें उभारलें. त्या तुकड्यांत पॉल लॅन्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या १९७३ मधील संगणक-संगीताचे स्वर होते.

याच ध्वनिमुद्रिकेंत ‘ओंद मार्तनो’ हें फ्रेंच वाद्य ऐकूं येतें. मोरिस मार्तनो यांनीं तें १९२८ सालीं लोकांपुढें आणलें. बोटांत अंगठी घालून ती तारेवरून सरकविली कीं, विजेच्या योगानें निघालेला सूर अखंड चढतो-उतरतो. पेटीवर मींड निघत नाहीं ही आपल्याकडील जाणकारांची जुनी तक्रार. या वाद्याला ती लागू नाहीं. जॉनीला त्याचा छंद लागला तो पंधराव्या वर्षीं, ऑलिव्हिए मेसियां या फ्रेंच संगीतकाराची ‘तुरंगलीला’ सिम्फनी ऐकून. हें नांव मराठी कानाला ओळखीचें वाटेल, आणि तें साहजिक आहे. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरां’त १२० देशी ताल सांगितले आहेत, मेसियां यांनीं त्यांचा अभ्यास केला होता आणि ‘तुरंगलीला’ हें त्यांतील एका तालाचेंच नांव. तो ग्रंथ तेराव्या शतकांत देवगिरीस, यादवांच्या सिंघण राजाच्या आश्रयाखालीं लिहिला गेला. देवगिरीच्या दरबारांतून निघालेला एक शब्द पॅरिसमार्गें ऑक्सफर्डच्या शाळकरी मुलापर्यंत पोहोंचावा, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

‘किड ए’मधील एकहि गाणें सुटें विक्रीस काढलें नव्हतें, नेहमींची चित्रफीतहि नव्हती. टीकाकारांत दोन तट पडले; कित्येकांना ती हट्टानें दुर्बोध केलेली वाटली. तरीहि इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत ती खपांत पहिली आली. त्याच बैठकींतील उरलेल्या गाण्यांची ‘ॲम्नीझिॲक’ २००१ सालीं निघाली. तिच्या शेवटच्या गाण्यांत हम्फ्री लिटलटन या वयोवृद्ध जॅझ-वादकानें आपल्या साथीदारांसह साथ केली आहे.

पुढील प्रवास थोडक्यांत सांगतां येईल. गिटारी परत आल्या, पण राणीपण सोडून. २००७ सालीं ‘इन रेनबोज’ ही ध्वनिमुद्रिका कंपनीच्या मध्यस्थीवांचून संकेतस्थळावर ठेवली आणि किंमत ऐकणाऱ्यानें स्वतः ठरवावी, अशी मुभा दिली. तिचें पहिलें गाणें पांच मात्रांत फिरतें. २०११ च्या ‘द किंग ऑफ लिंब्स’मध्यें लयीचे तुकडे एकांत एक गुंफले, २०१६ च्या ‘अ मून शेप्ड पूल’मध्यें तंतुवाद्यांचा ताफा पुढें आला. तिच्या शेवटीं असलेलें ‘ट्रू लव्ह वेट्स’ हें गाणें यॉर्कनें १९९५ सालींच मैफलींत म्हटलें होतें; तेव्हां साथीला गिटार होती. योग्य रूप सांपडेपर्यंत तें एकवीस वर्षें थांबलें, आणि अखेर पियानोच्या विरळ सुरांवर उभें राहिलें. बदलासाठीं बदल करणारा माणूस इतकी वाट पाहत नाहीं. दरम्यान, २०१५ सालीं जॉनी जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यांत राजस्थानी वादकांच्या ताफ्यांत बसला आणि ‘जुनून’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. तेथेंहि तो प्रमुख म्हणून नव्हे, मेळांतला एक म्हणून वाजवितो.

सात वर्षांच्या खंडानंतर २०२५ च्या अखेरीस हेच पांच जण माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन आणि बर्लिन येथें पुन्हां एकत्र वाजविते झाले. शाळेंतल्या त्या खोलीला तेव्हां चाळीस वर्षें झालीं होतीं, आणि त्यांतला एकहि गळला नव्हता. ज्या ‘क्रीप’ला त्यांनीं एके काळीं जवळजवळ वाळींत टाकलें होतें, तें २०१६ च्या दौऱ्यापासून मधूनमधून पुन्हां ऐकूं येऊं लागलें. श्वासासाठीं त्या लोखंडी फुप्फुसाची गरज उरली नव्हती. म्हणूनच बहुधा तें गाणें पुन्हां मोकळ्या गळ्यानें म्हणतां आलें.