गाडी हांकणारास फोन करणें

सोलापुरांतील सात रस्त्याचें नांवच सांगतें कीं, येथें गाडी हांकणारास दोन डोळेहि अपुरे पडावेत. अशा चौकांत कित्येक गृहस्थ खांदा व कान यांमध्यें मोबाईल दाबून दुचाकी हांकतात! ताशीं ४० किलोमीटर वेगाची गाडी ३ सेकंदांत सुमारें ३३ मीटर जाते. तेवढें अंतर चालकाचें मन दुसरीकडेच असतें. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीनें हें 'धोकादायक वाहनचालन' ठरविलें असून पहिल्याच गुन्ह्यास १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. २०२० पासून सवलत आहे ती केवळ मार्ग पाहण्यापुरती, व तीहि लक्ष ढळणार नाहीं अशा बेतानें.

परंतु कायदा पकडतो तो हांकणारास. 'निघालांत का?', 'कोठवर आलांत?', 'येतांना कोथिंबीर आणा' असें घरीं बसून तीनदां विचारणारास कोण पकडणार? (यांत गृहिणींनाच दोष नको, आमच्या पाहण्यांत वडील मंडळी अधिक अधीर!) माणूस कचेरींतून निघाला हें ठाऊक असतां घंटी वाजून थांबली, तर तो रस्त्यावर आहे असें समजावें व पुन्हां फोन करूं नये. त्यानेंहि निघण्यापूर्वीं निरोप धाडावा. मध्येंच बोलणें अगदीं निकडीचें असेल, तर आधीं गाडी कडेला उभी करावी.