तबकडीची परीक्षा

‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ती जिला विशेष लागू पडते, अशी एक वस्तु खानदेशांतील पुष्कळ घरांच्या कपाटांत पडून आहे. ती म्हणजे सीडीची अथवा डीव्हीडीची चकचकीत तबकडी. कोणाच्या घरीं तींत लग्नसमारंभाचें चित्रण असतें, कोणाच्या घरीं आजीच्या तोंडच्या जात्यावरील अहिराणी ओव्या, तर कोणाच्या घरीं शाळेच्या स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम. ‘अजून छान चालते’ एवढ्यावर विसंबून आपण निश्चिंत राहतों. ही निश्चिंतता कितपत योग्य आहे, याचा विचार आम्हीं आज विद्यार्थी व पालक यांजपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

बाजारांत मिळणारी गाण्यांची तबकडी कारखान्यांत ठशावरून काढलेली असते. तिच्यांतील खुणा म्हणजे प्लॅस्टिकवर उठविलेले सूक्ष्म खळगे होत. घरीं लिहावयाच्या तबकडीची गोष्ट निराळी. तिच्यांत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो, व लेसरच्या किरणानें तो जागजागीं तापवून खुणा उमटविल्या जातात. खुणांच्या दोन ओळींमधील अंतर सीडीवर १.६ मायक्रोमीटर, तर डीव्हीडीवर अवघें ०.७४, आणि मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! रंग उन्हानें विटतो, हें कापडाच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. तबकडीतील रंगही ऊन, उष्णता व दमट हवा यांनीं बिघडतो. आणि जळगांव-धुळ्याकडे तर उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो.

मग बिघाड सुरू झाला तरी चित्र शुद्ध कसें दिसतें? याचें उत्तर व्यापाऱ्याच्या वहींत सांपडेल. वहींतील प्रत्येक आडव्या ओळीची व प्रत्येक उभ्या रकान्याची बेरीज मांडून ठेविली, आणि पुढें एखादा आंकडा शाईच्या डागाखालीं गेला, तर बेरजेवरून तो परत काढतां येतो. डीव्हीडीवर अशीच युक्ति योजिली आहे. १९२ ओळी व १७२ रकाने यांच्या प्रत्येक कोष्टकास १० रकाने व १६ ओळी केवळ ताळ्यासाठीं जोडलेल्या असतात. यंत्र वाचतां वाचतां चुका दुरुस्त करतें, व आपणांस त्याचा पत्ताही लागत नाहीं. परंतु डाग मर्यादेपलीकडे वाढले, कीं ताळाही निरुपयोगी ठरतो. काल चाललेली तबकडी आज अडते. कागद पिवळा पडून, कसर लागून आगाऊ सूचना देतो. १९२७ सालीं धुळ्यास स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळांतील जुने कागद नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येतात. तबकडी मात्र यंत्रावांचून मुकी.

तेव्हां खरी परीक्षा ‘चालते कीं नाहीं’ ही नव्हे, तर ‘किती चुका दुरुस्त करून चालते’ ही होय. कांहीं ड्राइव्ह हा आंकडा संगणकास कळवितात, व त्याचा आलेख काढणारे प्रोग्राम आहेत. सीडीवर १० सेकंदांच्या सरासरीनें दर सेकंदास २२० सदोष चौकटी, आणि डीव्हीडीवर लागोपाठच्या ८ कोष्टकांत मिळून २८० सदोष ओळी, ही ठरविलेली कमाल मर्यादा होय. ज्या ड्राइव्हास आंकडा कळवितां येत नाहीं, त्यावर वाचनाचा वेग पाहावा. तो एकाएकीं मंदावला, तर ती जागा संशयास्पद समजावी.

येथें एक सावधगिरी हवी. दोष तबकडीचा, लिहिणाऱ्या ड्राइव्हचा, कीं वाचणाऱ्या ड्राइव्हचा? एकाच साक्षीदारावरून न्यायाधीश निकाल देत नाहीं. म्हणून दोन निरनिराळ्या डब्यांतील तबकड्या दोन ड्राइव्हांवर लिहाव्या, व प्रत्येक तबकडी दोहोंवर, एकाच वेगानें, वाचून पाहावी. एका ड्राइव्हवर लिहिलेल्या साऱ्याच तबकड्या दोन्हीकडे वाईट ठरल्या, तर तो लिहिणाराच दोषी. एकाच ड्राइव्हास सगळ्या तबकड्या वाईट वाटल्या, तर वाचणाराच अधू. त्याच्या भिंगावर धूळही असेल. एकाच डब्यांतील तबकड्या सर्वत्र वाईट निघाल्या, तर मालच हलका. घरगुती यंत्राचे आंकडे तुलनेपुरतेच खरे. म्हणून दरवर्षीं त्याच ड्राइव्हवर, त्याच वेगानें परीक्षा करून ते वहींत टिपावे. आंकडा वाढत चालला, कीं नवी प्रत काढण्याची वेळ आली असें समजावें.

ही वेळ दवडणें बरें नव्हे. नामांकित जपानी उत्पादक ताइयो युदेन यांनीं २०१५ सालीं हा धंदा सोडला. आपल्या देशांतील मोझर बेअर कंपनीच्या विसर्जनाचा हुकूम २०१८ सालीं झाला. नव्या संगणकांत तर ड्राइव्ह क्वचितच असतो. तबकडी उभी, तिच्या डबींत, थंड व कोरड्या अंधाऱ्या जागीं ठेवावी. सीडीच्या नांवाच्या बाजूस टोंकदार लेखणी लावूं नये, कारण खुणांचा थर त्याच बाजूच्या पातळ लेपाखालीं असतो.

विद्यार्थिमित्रहो, दिवाळीच्या साफसफाईंत कपाटांतील तबकड्या बाहेर काढा, वडील मंडळींच्या संमतीनें त्यांची परीक्षा करा, आणि जें मोलाचें असेल त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवा. आजीचा आवाज एकदां गेला, तर तो कोणत्याही बाजारांत विकत मिळणार नाहीं.