स्वमग्न मूल आणि गोतावळा

मूल अडीच-तीन वर्षांचं झालेलं असतं. हाक मारली तर वळून बघत नाही. हवी ती वस्तू बोटानं दाखवत नाही, आपलाच हात धरून तिथवर ओढत नेतं. खेळण्यातली गाडी चालवत नाही, उलटी करून तिचं एकच चाक फिरवत बसतं. शिरूर असो की दौंड, अशा मुलाबद्दलची पहिली बैठक डॉक्टरांकडे होत नाही, नातेवाइकांत होते. आजी म्हणते, "याचा बापही चार वर्षांचा होईतो बोलत नव्हता." चुलती म्हणते, "सारखा मोबाईल दिल्यावर दुसरं काय होणार?" मामा देवऋषीचा पत्ता आणतो. आमच्या मोहल्ल्यात फुफी एखाद्या दर्ग्याचं नाव सुचवते. सगळे बोलतात मायेनंच. बैठक उठते तेव्हा मूल मात्र आईच्याच कडेवर असतं.

या अवस्थेला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्यावरून हा शब्द आला आणि मराठीत त्याचं 'स्वमग्नता' झालं. शब्दांशी रोजचा व्यवहार असलेल्या माझ्यासारख्याला हा शब्द जरा खटकतो. कवीला स्वमग्न म्हटलं की ते कौतुक असतं, जणू तो हौसेनं आत जाऊन बसला आहे. हे मूल हौसेनं आत बसलेलं नसतं. त्याच्या मेंदूची वाढच वेगळ्या वळणानं झालेली असते आणि त्याची सुरुवात बहुधा जन्माआधीच झालेली असते. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव, आवाजातला चढउतार, डोळ्यांची खूण हे जे आपल्याला न शिकवता उमगतं, ते त्याला एकेक करून शिकावं लागतं. मिक्सरचा आवाज, उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं, मिरवणुकीतला डीजे यांनी काही मुलं कानावर हात ठेवून कळवळतात. जगात साधारण शंभर मुलांमागे एक मूल असं असतं, मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण तीन-चार पट जास्त दिसतं. हा संसर्ग नाही, शाप नाही, आणि बरं करणारं औषधही नाही. शिकवण मात्र आहे, आणि ती जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी. लशीमुळे हे होतं ही भीती 'लॅन्सेट' साप्ताहिकातल्या १९९८ च्या एका लेखानं पसरवली होती. तो लेख साप्ताहिकानं २०१० मध्ये मागे घेतला.

आईला दोष देण्याची सवय केवळ आपल्याकडचीच आहे असं समजू नका. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला ओळख दिली, तेव्हाच त्यांनी आईबापांच्या थंडपणाविषयीही लिहिलं. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये आख्खं पुस्तक लिहून हा दोष आयांच्या माथी पक्का केला. वास्तविक त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी ही मेंदूच्या घडणीची गोष्ट आहे असं मांडलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशा एका मुलाचे वडीलही होते. शास्त्रानं पुढे आपली चूक दुरुस्त केली. आपल्या ओसरीवर मात्र तो खटला अजून चालू आहे, आणि आरोपी सून आहे.

आता आजीकडे वळू, कारण ती दोन्ही बाजूंनी महत्त्वाची आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं आढळलं, की ज्या मुलांचा आजीशी वरचेवर संबंध येत होता, त्यांचं निदान सुमारे पाच महिने आधी झालं. हे पटण्यासारखं आहे. जिनं पाच-सात मुलं हाताखालून काढली, तिला यातलं वेगळं मूल लगेच कळतं. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की अनेक नातेवाइकांना शंका आली होती, पण आईबाप दुखावतील म्हणून ते गप्प राहिले. आपल्याकडे तर आजीला कळलेलं असतं, तरी "बोलेल हळूहळू" म्हणून ती स्वतःचीच समजूत घालते. आत्याचं लग्न जमायचं असलं की पाहुणे येतात त्या दिवशी हे मूल आतल्या खोलीत जातं. नवस फेडा, मन्नत माना, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्यासाठी दोन वर्षं घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्या दिवशी आजीनं स्वतः मुलाला घेऊन जावं आणि तिला जे दिसतं ते मोकळेपणानं सांगावं.

तपासणीनंतरची अडचण अंतराची आहे. शिरूरहून पुणं सत्तरेक किलोमीटर, दौंडहून रेल्वेनं पंच्याहत्तर. तासाभराच्या थेरपीसाठी आईचा आख्खा दिवस जातो, बाप रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर असतो, आणि एसटीतल्या गर्दीनं मूल इतकं बिथरतं की थेरपीच्या वेळी ते काही ऐकायच्या मनःस्थितीत नसतं. आठवड्यातून एकदा हे जमलंच, तरी उरलेले सहा दिवस कोणाचे?

याचं एक उत्तर गोव्यातून आणि सीमेपलीकडच्या रावळपिंडीतून आलं आहे. दोन्ही ठिकाणी मिळून ६५ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींच्या घरी थेरपिस्ट नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते गेले. सहा महिन्यांत बारा भेटी. आई मुलाशी खेळताना ते चित्रीकरण करायचे आणि मग तेच आईला दाखवायचे. बघा, इथं त्यानं तुमच्याकडे पाहिलं होतं, तुमच्या लक्षात आलं नाही. इथं तुम्ही एकामागून एक पाच सूचना दिल्या, तो थांबला. आई हळूहळू मुलाच्या कलानं खेळायला शिकली, आणि मुलं आपणहून तिच्याशी संपर्क साधायला लागली. बोलणं लगेच वाढलं असं मात्र दिसलं नाही, तेही सांगितलं पाहिजे. पण हे काम शिकलेली साधी माणसं घरात बसून करू शकतात, एवढं त्यातून सिद्ध झालं. मग जे आईला जमतं ते चुलतीला का जमू नये?

त्यासाठी दोनच पथ्यं सांभाळावी लागतात. एक म्हणजे सगळ्यांची भाषा एक हवी. आई पाण्याला "पाणी" म्हणते, आजी "मम्म", काका "वॉटर" म्हणून कौतुक करतात, यात मुलाचा गोंधळ उडतो. दुसरं, घरातल्या कोणीतरी रोजची ठरलेली वेळ अंगावर घ्यावी. संध्याकाळी सहा ते सात मूल चुलतीकडे, म्हणजे चुलतीकडेच. त्या तासात आईनं झोपावं, नाही तर दुसऱ्या लेकराचा अभ्यास घ्यावा, कारण ते लेकरू या सगळ्यात मागे पडलेलं असतं. चुलतभावंडं तर मोठ्यांपेक्षा चांगले शिक्षक. एक चेंडू मी टाकतो, एक तू टाक, ही पाळीची कल्पना त्यांच्याइतकी चिकाटीनं कोणी शिकवत नाही. रांजणगावच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या जोडप्याचा गोतावळा दूर गावी असतो. त्यांना शेजार जोडावा लागतो.

राहिली ती गोष्ट घरात कोणी मोठ्यानं काढत नाही. आईबापांच्या माघारी काय? १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावही नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं ती जागा दिली आणि २०१६ च्या कायद्यानं ती अपंगत्वाच्या २१ प्रकारांत गणली. न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो. पण आमच्या बागायती पट्ट्यात खरा पेच सातबाऱ्याचा आहे. मुलाला सांभाळू शकणारा काका हाच जमिनीचा वाटेकरीही असतो. त्याच्या मायेवर शंका घेणं बरं नव्हे, आणि डोळे मिटून विसंबणंही बरं नव्हे. न्यासाच्या कायद्यात याची सोय आहे. मूल अठरा वर्षांचं झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमते. आईबापांना, नातेवाइकांना त्यासाठी अर्ज करता येतो. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. दुर्लक्ष केलं किंवा मालमत्ता गैरवापरली, तर त्याला दूर करता येतं. चांगल्या काकाला यात अपमान वाटायचं कारण नाही, उलट गावाच्या तोंडाला त्यामुळे कुलूप बसतं. हा अर्ज आईबाप हयात असताना, काका-मामा-आत्या एका सतरंजीवर बसून ठरवतील तर त्यात भांडण कमी होतं. वाटणी आधी आणि हा विषय मग, असं केलं की तो मागेच पडतो.